चढणीवर दम सोडणारे जुने मोटरहोम: एका बिघाडाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील मोटरहोम (राहण्याची सोय असलेले वाहन) वीसेक वर्षे जुने, मालवाहू व्हॅनच्या डिझेल चॅसिसवर बांधलेले आणि वयाच्या मानाने फारच कमी किलोमीटर चाललेले होते. इंजिन जुन्या पद्धतीचे होते. संगणकाऐवजी यांत्रिक रोटरी इंजेक्शन पंप (इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा पंप) होता, आणि टाकीत किंवा वाटेत विजेचा पंप नसल्यामुळे टाकीतून डिझेल ओढून आणण्याचे कामही इंजेक्शन पंपाच्या आतल्या छोट्या व्हेन पंपालाच करावे लागत होते. ही बाब आधी नोंदवणे भाग आहे, कारण पुढचे बहुतेक निदान तिच्यावर उभे आहे. दाबाखालच्या नळीला भेग पडली तर डिझेल बाहेर ठिबकते आणि डोळ्यांना दिसते. ओढीवर चालणाऱ्या नळीला भेग पडली तर मात्र हवा आत शिरते आणि गाडीखाली एक थेंबही सांडत नाही.

मालकांची तक्रार अशी होती: गाडी सकाळी सुरू व्हायला वेळ लावते, एकदा सुरू झाली की गावातल्या वेगात उत्तम चालते, पण सपाट महामार्गावर अर्धाएक तास वेगाने नेली किंवा लांब चढण लागली की हळूहळू ओढेनाशी होते, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग उतरत जातो आणि शेवटी इंजिन बंद पडते. दहा-पंधरा मिनिटे उभी केली की पुन्हा सुरू होते आणि काही किलोमीटर बिनतक्रार धावते. तापलेल्या इंजिनावर सेल्फ मारला तर तो रडत फिरतो. या काळात निरनिराळ्या ठिकाणी बॅटरी, चारही ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारे) आणि दोनदा डिझेल फिल्टर बदलून झाले होते, आणि शेवटच्या ठिकाणी इंजेक्शन पंपच गेला असे सांगून तो उतरवण्याचा सल्ला मिळाला होता.

पंपाला हात लावण्यापूर्वी मालकांना एकच गोष्ट पुन्हा नीट आठवून सांगायला लावली: कोणता भाग बदलल्यावर, थोडा काळ का होईना, फरक पडला? बॅटरीने आणि ग्लो प्लगने काहीच झाले नव्हते. फिल्टर बदलल्यावर मात्र दोन्ही वेळा काही दिवस गाडी चांगली ओढली होती आणि मग तक्रार परत आली होती. ‘फिल्टर बदलूनही उपयोग झाला नाही’ या वाक्यात ही माहिती दडून राहिली होती. उपयोग झाला होता, पण टिकला नव्हता. वाहन चालवणारा माणूस लक्षणे निकालाच्या भाषेत सांगतो आणि तपासणाऱ्याला ती घटनाक्रमाच्या भाषेत हवी असतात. माझ्या अनुभवात निदानातला निम्मा वेळ या भाषांतरातच जातो आणि तो वाया जात नाही.

मोटरहोमच्या बाबतीत एक गोष्ट मुळातच वेगळी असते. तेच इंजिन मालवाहू व्हॅनमध्ये अर्धा वेळ रिकामे धावते. इथे मात्र फर्निचर, गॅसच्या टाक्या, भरलेले पाणी आणि माणसे मिळून गाडी जवळजवळ कायम कमाल वजनाच्या आसपास असते. शंभर लिटर पाणी म्हणजे सरळ शंभर किलो. त्यात केबिनवर आलेला उंच पुढचा भाग वारा अडवतो. त्यामुळे महामार्गावरच्या साध्या वेगालाही इंजिनाला सतत मोठा भार ओढावा लागतो, आणि व्हॅनमध्ये वर्षानुवर्षे कळलाही नसता असा इंधनपुरवठ्यातला छोटा अडथळा इथे पहिल्याच चढणीवर उघडा पडतो. दुसरे असे की अशी गाडी धावते कमी आणि उभी जास्त राहते. रबर, ब्रेक ऑइल, कूलंट, टायर आणि टाकीत पडून असलेले डिझेल यांचे वय किलोमीटरने मोजता येत नाही. अंतरमापकावरचा कमी आकडा पाहून खरेदीदार खूश होतो, तर मेकॅनिकने त्याच आकड्यामुळे सावध व्हायला हवे.

रस्त्यावर चाचणी घेण्याआधीची तयारी

बिघाड भाराखालीच दिसतो, म्हणजे तपासणीही भाराखाली, रस्त्यावरच करावी लागणार होती. पण गाडी त्या लायकीची आहे का, हा प्रश्न त्याआधीचा होता. टायरची नक्षी जवळपास नवी दिसत होती. बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे वाचले तेव्हा पुढचे दोन्ही टायर दहा वर्षांहून जुने निघाले. या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘२३११’ म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. भिंतीवर बोटाने वाकवून पाहिले की बारीक भेगा उघडत होत्या. ते टायर बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही असे ठरले. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) कधी बदलला याचा कागद नव्हता. बेल्ट तुटला तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून तोही आधी बदलला. गॅसच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद केले आणि अग्निशामक हाताशी ठेवला. या कामांचा मूळ तक्रारीशी काही संबंध नव्हता आणि मालकांना ती आडवळणाची वाटली, पण वीसेक वर्षांच्या गाडीची दीर्घ भारचाचणी त्यांच्यावाचून घेणे मला तरी मान्य नाही.

शक्यता आणि त्यांना वेगळे करणारी लक्षणे

धावती डिझेल गाडी दम सोडून बंद पडते तेव्हा कारण ढोबळपणे पाच ठिकाणी असू शकते: इंधन कमी पडते, हवा कमी पडते, पंपाला चालू ठेवणारी वीज तुटते, इंजिन अतितापते, किंवा इंजिन ठीक असून गाडीलाच काहीतरी मागे धरून ठेवते. यातली प्रत्येक शक्यता भाग बदलून पाहण्यापेक्षा वेगळे लक्षण शोधून बाजूला करता येते.

हवा कमी पडली तर जाळायला डिझेल पुरते पण ऑक्सिजन अपुरा असतो, त्यामुळे एक्झॉस्टमधून काळा धूर येतो. मालकांच्या मागून दुसऱ्या गाडीने येणाऱ्या नातेवाइकांनी धूर कधीच पाहिला नव्हता. एअर फिल्टरची पेटी तरीही उघडली, कारण उभ्या गाडीत उंदीर घरटे करतात. आत घरटे नव्हते. धूर न काढता दम जाणे हे इंधनाच्या तुटवड्याचे लक्षण आहे. रोटरी पंपाच्या डोक्यावर एक स्टॉप सोलेनॉइड असतो. त्याला बारा व्होल्ट मिळत आहेत तोवरच डिझेल पुढे जाते, आणि वायर तुटली किंवा तापून कॉइल गेली तर इंजिन किल्ली फिरवल्यासारखे एका क्षणात बंद होते. इथे इंजिन हळूहळू मरत होते, म्हणून ही शक्यता कमी होती, पण ती मापाने बाद करायची होती. तापमानाचा काटा मध्यावरच राहत असे. रेडिएटरच्या वरच्या नळीवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तेव्हाही आकडा काट्याशी जुळला.

मालकांनी मांडलेला एक मुद्दा इथे नोंदवण्याजोगा आहे. राहण्याच्या भागातला डिझेल हीटर मुख्य टाकीतूनच इंधन घेतो आणि रात्रभर बिनतक्रार चालतो, म्हणजे टाकी आणि डिझेल ठीक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तर्क वरवर पाहता बिनतोड आहे. पण हीटरची पिकअप नळी वेगळी आणि मुद्दाम आखूड असते, म्हणजे हीटर चालू राहिला तरी गाडीला पेट्रोलपंपापर्यंत जाण्याइतके डिझेल तळाशी उरते. शिवाय दोन किलोवॅटचा हीटर तासाला पाव लिटरही पीत नाही आणि पूर्ण भारावरचे असे इंजिन तासाला २० लिटरांच्या घरात जाते. हीटर चालतो यावरून इंजिनाच्या वाटेबद्दल काहीच सिद्ध होत नव्हते.

व्हॅक्यूम गेज आणि पारदर्शक नळी

चाचणीसाठी तीन गोष्टी जोडल्या. टाकीकडून फिल्टरकडे येणाऱ्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) बसवून व्हॅक्यूम गेज (नळीतल्या ओढीचा जोर मोजणारा) लावला आणि त्याची बारीक नळी केबिनमध्ये घेतली. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी टाकली. स्टॉप सोलेनॉइडच्या वायरवरून एक जोड काढून मल्टीमीटर डॅशबोर्डवर ठेवला. या गेजचे वाचन सोपे आहे. दम जाताना व्हॅक्यूम वाढत असेल तर अडथळा गेजच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे. व्हॅक्यूम वाढत नाही पण पारदर्शक नळीत बुडबुडे येतात, तर कुठेतरी हवा शिरते आहे. आणि व्हॅक्यूमही नाही, बुडबुडेही नाहीत, तरी दम जातो, तर दोष गेजच्या पुढे, म्हणजे फिल्टरमध्ये, पंपात किंवा इंजेक्टरांत शोधावा.

चालकाने फक्त गाडी चालवायची आणि शेजारी बसलेल्याने आकडे वाचायचे, अशी विभागणी केली. आयडलवर काटा शून्यापासून जेमतेम हलत होता. सपाट रस्त्यावर तो किंचित खाली गेला आणि तिथेच राहिला. चढणीला लागल्यावर चित्र बदलले. सुरुवातीची काही मिनिटे काहीच घडले नाही, मग काटा अगदी सावकाश, पण एकदाही मागे न येता, वाढू लागला. उणे ०.२ बार (बार हे दाबाचे एकक), मग ०.३. इंजिनाचा आवाज तोवर तसाच होता. ०.४ ओलांडल्यावर चालकाने न विचारता सांगितले की आता ओढत नाही. ०.५ च्या आसपास पारदर्शक नळीतल्या डिझेलमध्ये बारीक फेस दिसू लागला. एवढ्या ओढीखाली डिझेलमध्ये विरघळलेली हवा बाहेर पडते, आणि जिथून कमी ओढीत हवा येत नाही अशी सैल जागाही आता आत खेचते. त्यानंतर इंजिन बंद पडले. सोलेनॉइडवरचे व्होल्टेज या संपूर्ण वेळात १३.८ च्या खाली गेले नव्हते. विजेची शक्यता तिथेच संपली, आणि इंजेक्शन पंपही निर्दोष ठरण्याच्या जवळ आला, कारण अर्धा बार व्हॅक्यूम निर्माण करणारा पंप ओढण्यात कमजोर म्हणता येत नाही.

गाडी बाजूला उभी असतानाच गेजने आणखी एक गोष्ट दाखवली. इंजिन बंद झाल्यावर काटा लगेच शून्यावर आला नाही, काही मिनिटे घेत उतरला. आत ओढून धरलेले काहीतरी हळूहळू सुटत होते.

अडथळा टाकीच्या बाजूला हे ठरल्यावर तीन जागा उरल्या: टाकीचा व्हेंट (हवा आत येण्याचे छिद्र), टाकीतली जाळी आणि मधली लांब नळी. व्हेंट बुजला असेल तर डिझेल जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि झाकण उघडताच फुस्स असा आवाज येतो. आवाज आला नाही, आणि झाकण सैल ठेवून तीच चढण पुन्हा चढल्यावरही काटा तसाच वाढला, म्हणून व्हेंट सुटला. पुढच्या चाचणीत इंजिनाला टाकीऐवजी स्वच्छ डिझेलच्या एका कॅनमधून, नव्या नळीने इंधन दिले. कॅन इंजिनाच्या बाजूला घट्ट बांधला होता. फिल्टर आणि पंप तेच ठेवले. यात पुष्कळांकडून एक गोष्ट राहून जाते: पंपाकडून परतणारी रिटर्न नळीही कॅनमध्येच सोडावी लागते, नाहीतर पंपातून फिरून येणारे बरेचसे डिझेल मूळ टाकीत जाते आणि कॅन अपेक्षेपेक्षा लवकर रिकामा होऊन चाचणीच फसते. ही पद्धत फक्त डिझेलसाठी आहे. पेट्रोलच्या गाडीत उघड्या कॅनने असा प्रयोग कदापि करू नये. कॅनवर गाडी तीच चढण शेवटपर्यंत चढली, काटा सपाट रस्त्याच्या आकड्यावरून हलला नाही. पंप उतरवण्याचा सल्ला इथे रद्द झाला.

टाकीत काय होते

टाकी रिकामी करून खाली उतरवली. पिकअप नळीच्या टोकाची जाळी बाहेर काढली तेव्हा ती ठीकच दिसत होती, तिच्यावरून प्रकाश आरपार जात होता. तळातला द्रव ढवळून जाळी त्यात बुडवली आणि वर काढली, तेव्हा तिच्यावर काळपट तपकिरी, बुळबुळीत पडदा चिकटून आला. बोटाने तो सोलून निघत होता. हाच पडदा भाराखाली ओढला जाऊन जाळीवर बसत होता आणि इंजिन बंद झाल्यावर, ओढ संपली की, सुटून तळाशी जात होता. गेजचा काटा हळूहळू का उतरला आणि गाडी दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा का चालत होती, याचे उत्तर त्यात होते. तोपर्यंत ‘थंड झाली की चालते’ असा समज होता. प्रत्यक्षात थंड होण्याचा संबंध नव्हता, केवळ उभे राहणे पुरेसे होते.

हा पडदा जैविक असतो. टाकी अर्धवट भरलेली राहिली की रिकाम्या भागातल्या हवेतली वाफ भिंतींवर जमून पाणी तळाशी साचते, आणि पाणी व डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या थरात बुरशी व जिवाणू वाढतात. हॉर्मोकोनिस रेझिनी ही बुरशी यासाठी कुप्रसिद्ध आहे. बायोडिझेल मिसळलेले इंधन साध्या डिझेलपेक्षा जास्त पाणी धरून ठेवते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या वाहनात हा उपद्रव अधिक दिसतो. आधी बदललेले फिल्टर मालकांनी टाकून दिले होते. सध्याचा फिल्टर कापून उघडला तेव्हा कागदाच्या घड्यांच्या खोबणींत तोच काळा लगदा होता. नव्या फिल्टरने तेवढ्यापुरता वाटेतला एकूण अडथळा कमी होत होता, एवढाच त्याचा परिणाम.

टाकी यांत्रिकरीत्या घासून, धुऊन, पूर्ण वाळवली. नुसते जैवनाशक ओतून भागवावे असा एक विचार होता, तो मी नाकारला, कारण मेलेला थर विरघळून नाहीसा होत नाही, तो तुटून थेट फिल्टरमध्ये येतो. स्वच्छ टाकीत ताज्या डिझेलबरोबर जैवनाशकाची मात्रा घातली आणि टाकी ते फिल्टर ही रबरी नळी डिझेलसाठी बनवलेल्या नव्या नळीने बदलली. जुनी नळी वाकवताना कडकड वाजत होती.

उरलेल्या तक्रारी

पुन्हा चढण चढून पाहिली तेव्हा व्हॅक्यूम वाढला नाही आणि इंजिन बंद पडले नाही. पण गाडी अपेक्षेइतकी मोकळी धावत नव्हती. उतरून चारही चाकांच्या रिमवर थर्मामीटर धरला तेव्हा उजवे पुढचे चाक डाव्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेले निघाले. चॅसिसखाली स्टँड लावून चाक उचलले. कॅम्पवर गाडी समतल करायला दिलेले पाय या कामासाठी नसतात, त्यांच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. ब्रेक दाबून सोडल्यावर चाक हाताने फिरेना. कॅलिपरवरचा (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागावरचा) ब्लीड निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढण्याचा स्क्रू, सैल करताच ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले, म्हणजे पिस्टन किंवा सरकत्या पिना जाम नव्हत्या, दाबच अडकून राहिला होता. निपल बंद करून पुन्हा पेडल दाबले आणि या वेळी रबरी होज जिथे धातूच्या पाइपला मिळतो तो वरचा जोड सैल केला. चाक जामच राहिले. दाब वरच्या जोडापर्यंत परत येत नव्हता, म्हणजे तो होजच्या आतच अडकत होता. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या होजचे आतले अस्तर फुगले होते. पायाच्या जोराने ऑइल पुढे ढकलले जाई, पण परत येण्याइतका जोर पॅडमध्ये नसे. दोन्ही पुढचे होज बदलले आणि सगळे ब्रेक ऑइल नवे भरले. डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० आणि ओलावा शोषल्यावर किमान १५५ अंश सेल्सिअस असा ठरवलेला आहे. लांब उतारावर घासत जाणाऱ्या चाकाशेजारी ही ७५ अंशांची तफावत फार महत्त्वाची ठरते.

सकाळी सेल्फ लांबवर मारावा लागण्याचे कारण पारदर्शक नळीत दिसले. रात्रभर उभी राहिल्यावर तीत वरच्या बाजूला बोटभर हवा साचलेली असे. टाकीकडचे सगळे जोड नवे झाले होते, त्यामुळे उरला फिल्टरचा भाग. त्याच्या तळाच्या पाणी काढण्याच्या स्क्रूची ओ-रिंग चपटी होऊन कडक झाली होती. ती बदलल्यावर सकाळची हवा थांबली. मोठ्या अडथळ्याच्या काळात ही गळती वेगळी ओळखू आली नसती, कारण तेव्हा बुडबुडे दोन्ही कारणांनी येत होते.

तापल्यावर सेल्फ रडण्याचा प्रश्न मात्र निव्वळ विजेचा होता. बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे भरलेली होती. सेल्फ मारताना मल्टीमीटरची एक पिन इंजिनाच्या ब्लॉकवर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण खांबावर ठेवली. तिथे शून्याच्या जवळ दिसायला हवे होते, दिसले ०.९ व्होल्ट. इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी अर्थिंगची (विजेला बॅटरीकडे परतीची वाट देणारी) पट्टी बोल्टखाली हिरवट पडून पोखरली होती. पट्टी बदलली, बसण्याची जागा घासून उघडी केली, तेव्हा तोच आकडा ०.२ च्या खाली आला आणि आधी बदललेली बॅटरी मुळात बदलायची गरज होती का, हा प्रश्न मालकांनी स्वतःच विचारला. राहण्याच्या भागाची बॅटरी जोडणारा रिले आणि आधीच्या कुणीतरी ओढलेल्या दोन जादा वायरी तपासल्या, त्यात दोष सापडला नाही.

पारदर्शक नळी चाचणीपुरतीच होती. ती काढून तिथे पुन्हा डिझेलची नळी बसवली, कारण साधी प्लास्टिक नळी डिझेल आणि उष्णता यांनी काही काळात कडक होऊन तडकते. व्हॅक्यूम गेजचा टी मात्र झाकण लावून तसाच ठेवला. जैवनाशकानंतर कोपऱ्यांत राहिलेला गाळ सुटण्याची शक्यता गृहीत धरून फिल्टर नेहमीच्या मुदतीच्या खूप आधी बदलण्यास सांगितले होते. तो कापून पाहिला तेव्हा कागद पिवळसर होता आणि तळाशी चिमूटभर काळे कण होते, पाणी नव्हते. इंजेक्शन पंपाच्या शाफ्टपाशी किंचित ओल दिसते. ती वाढते का हे पुढच्या तपासणीत पाहायचे असे ठरले आहे, तोपर्यंत पंप उतरवण्याचे कारण नाही. गाडी उभी करताना टाकी पूर्ण भरून ठेवावी, एवढी सूचना मालकांना लेखी दिली.